चारच्या जागी राम

सोसायटीच्या चेअरमननं अंजनाताईला बसायला खुर्ची दिली, तिथंच आम्ही ओळखायला पाहिजे होतं. त्या ऑफिसात पाच खुर्च्या. एकीवर चेअरमन राधाकिशन आप्पा, दुसरीवर सेक्रेटरी बद्रीनाथ, तिसरीवर आप्पांचं उपरणं, आणि उरलेल्या दोन ‘कुणी आलं तर’ म्हणून रिकाम्या. मेंढरं वळणारा माणूस त्या ‘कुणी’त धरत नाहीत. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलतो. ताईचे वडील धुळाजी सोसायटीचे सभासद होते आणि वीस वर्षं त्या उंबऱ्यात उभे राहिले. ते वारून दोन वर्षं झाली, तेव्हा कुठं त्यांच्या पोरीसाठी खुर्ची निघाली.

मी आणि वर्गातली माझी मैत्रीण छबू ताईबरोबर होतो. आमचा कराटेचा वर्ग सोसायटीच्या खताच्या गोदामात भरायचा आणि किल्ली रोज सकाळी ऑफिसातून आणावी लागायची, म्हणून. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. खत कुणी नेत नव्हतं, त्यामुळं गोदाम रिकामं. राहिला होता तो युरियाचा वास. तो आमच्या कपड्यांत शिरलेला, आणि कपडे धुवायला पाणी नाही. चौसाळ्याच्या शाळेत पोरं आम्हाला ‘युरिया’ म्हणूनच हाक मारायची.

“बस पोरी,” आप्पा म्हणाले. “म्हंजे बघ, आपलं घरचंच हाय.”

“घरचंच हाय,” बद्रीनाथ म्हणाला.

या दोघांचं असंच आहे. आप्पा प्रत्येक वाक्याच्या आधी ‘म्हंजे बघ’ म्हणून थांबतात, चढावर बैल थांबतो तसे. वाक्य संपलं की बद्रीनाथ त्याचं शेपूट धरतो. गोदामात मी दोघांचीही नक्कल करायचे, एकदा नाकातून, एकदा घशातून, आणि ताई भिंतीकडं तोंड करून हसायची.

“म्हंजे बघ, माझा पोरगा सुग्रीव. माजलगावकडं एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा निघालीय. कराटेचा ब्लॅक बेल्ट मागायलेत. तीन वर्सं जुना.”

“जुना.”

“सुग्रीव तुमच्या क्लासला आलता का न्हाई?”

“आलता,” ताई म्हणाली. “चार दिवस. पाचव्या दिवशी त्याचे पाय दुखले.”

“आलता ना. मग झालं तर. आता तीन वर्सांमागं तुझा बाप होता, तवा सर्टिफिकिटावर सही त्याची लागंल. शिक्का तुझ्यापशी हायच. आन सही म्हंजे काय, ‘धु’ काढून खाली रेघ. कुणी बी काढील.”

“काढील.”

ती ‘धु’ आणि रेघ काढायला धुळाजी आठ दिवस वाळूत काठीनं गिरवत होते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. शाळेची पायरी न चढलेला माणूस. पहिल्या पोराला पट्टा द्यायची वेळ आली तेव्हा सर्टिफिकिटावर अंगठा बरा दिसायचा नाही, म्हणून सही शिकले. आणि हे खुर्चीत बसून सांगतात, कुणी बी काढील.

आप्पांनी दातात काडी फिरवली.

“म्हंजे बघ, तुमच्या मेंढरांचे लई हाल चाललेत. छावणी मोठ्या जनावरांची, मेंढरू कागदात बसत न्हाई. पर मी म्हणलं की बसतं. छावणीच्या हौदावर पाजून घेत जा. आन न्हाई म्हणलीस, तर गोदाम बी मला पेंड ठिवायला लागायलंय.”

बद्रीनाथ कुठलं शेपूट धरावं या विचारात पडला आणि शेवटी ‘लागायलंय’ म्हणाला.

ताई उठली. “घरी इचारते,” म्हणाली आणि किल्ली घेऊन निघाली.

*

धुळाजी कराटे कुठं शिकले असं विचारलं की गावात लोक हसतात. म्हणतात, मेंढरात शिकला. खरंच मेंढरात शिकले. तरुणपणी ते कळप घेऊन नगरकडं जायचे. तिथं एका कॉलेजच्या मैदानाच्या कडंला कळप बसवला की सकाळी पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेत हातपाय झाडताना दिसायची. धुळाजी काठीला टेकून बघायचे. मग काठी खाली ठेवून करून बघायचे. तिथल्या सरांनी पहिल्या हिवाळ्यात त्यांना हाकललं आणि दुसऱ्या हिवाळ्यात रांगेत शेवटी उभं केलं. असे सात हिवाळे गेले. काळा पट्टा बांधून घरी आले तेव्हा अंजनाताई झोळीत होती.

जपानी आकडे ते ऐकून शिकले. इची, नी, सान, शी, गो. तीनपर्यंत बरं चाललं. चारला अडलं.

“समोर मानूस उभा हाय,” ते सरांना म्हणाले. “आपुन त्याला हात जोडून वाकलाव. आन मग त्याच्याच तोंडावर शी म्हणायचं?”

सरांनी समजावलं, अरे तो नुसता आकडा आहे.

“तुमच्याकडं आकडा असंल. आमच्याकडं ते लेकराचं हागणं हाय.”

गावात वर्ग काढला तेव्हा त्यांनी चारच्या जागी राम घातला. इची, नी, सान, राम, गो. राम आला की हात अर्ध्यात थांबवायचा आणि मान लववायची. “तीन मारले न्हवं, आता जरा बघा की समोरचा उभा हाय का पडला. पडला असंल तर पाचवा कशाला?” जगात कुठल्या कराटेत हे नाही. जिल्ह्याच्या परीक्षेला आमच्या पोरांचा हात चौथ्या ठोशाला अडखळतोच, मार्क जातात, परीक्षक कपाळाला हात लावतात. ताईला खरा आकडा माहीत आहे. तरी तिनं बदलला नाही.

ती सव्वीस वर्षांची आहे. आवाज बारीक. ओरडत नाही, जवळ येऊन बोलते, त्यामुळं जास्त भीती वाटते. पिवळे पट्टे घरीच हळदीत रंगवते. धुतल्यावर रंग गेला आणि पोरगं रडत आलं, की म्हणते, “पुन्यांदा कमव.” सकाळी सहा ते आठ वर्ग, नंतर चुलता सटवाबरोबर मेंढरं. एका स्थळानं ‘हातपाय झाडणं’ बंद करायची अट घातली होती. त्यांना चहा पाजून गावच्या फाट्यापर्यंत सोडून आली.

तिच्या आईचं, साखराबाईचं, मात्र सगळं उलट. साखराबाई कुजबुजली तरी चार घरं ऐकतात. त्या दिवशी तर ती कुजबुजतही नव्हती.

“अंजे, तुझा बाप मेला. त्याच्या नावाला आता तहान न्हाई. मेंढरांना हाय.”

ताईचं काही ऐकू आलं नाही.

“एक कागद तर हाय. त्यानं काय आभाळ फाटतंय व्हय? फाटलं तर बरंच हाय, पाणी तरी पडंल.”

मग ताई बोलली. मी कुंपणाशी होते म्हणून ऐकू आलं. “आई, मला त्यानं तीनदा नापास केलतं. पोटच्या पोरीला. आन मी सुग्रीवला बेल्ट देऊ? उद्या कारखान्याच्या गेटावर कुणी कोयता घिऊन आला, तर तो पोरगा कागद पुढं करील का? ते लेकरू मरंल आई. बापाच्या सहीनं मरंल.”

“आन मेंढरं?”

ताई उठून कळपाकडं गेली.

*

दुसऱ्या दिवशी खुर्ची परत पुढं सरकली. ताई बसली नाही.

“आप्पा, न्हाई जमायचं. सुग्रीवला उद्यापासून सकाळी सहाला पाठवा. मन लावून केलं तर पाच वर्सांत मी सोता बेल्ट बांधीन त्याला.”

“पाच वर्सांत,” बद्रीनाथ म्हणाला. सवयीनं. चुकीच्या माणसाचं शेपूट धरलं हे त्याला नंतर कळलं.

“जागा पाच वर्सं थांबती का बे?” आप्पांनी त्याला विचारलं. मग ताईकडं न बघता म्हणाले, “जा. किल्ली घिऊन जा. म्हंजे बघ, आमी काय तुझ्या जिवावर न्हाईत.”

गोष्ट तिथंच संपती तर मी कशाला लिहिलं असतं. आप्पांनी बीडहून कागद छापून आणला, शिक्का करून आणला, ‘धु’ काढून खाली रेघ मारून घेतली. आणि त्याहून नीच काम म्हणजे, न विचारताच छावणीवर सांगून ठेवलं, धुळाजीची मेंढरं हौदावर येऊ द्या. साखराबाईनं त्याच दुपारी कळप नेला. दोन दिवस मेंढरं पोटभर प्याली. पाण्यात तोंड घातलेलं मेंढरू मागं ओढायचं कसं? ताईनं नाही ओढलं. हौदापासून लांब उभी राहिली. म्हणजे पाणी देऊन तिचं तोंड बांधून टाकलं, आणि वर उपकारही केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा माणूस आला. फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, मिशा पांढऱ्या, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. तो म्हणाला, जिथं शिकला ती जागा बघणार. आप्पा त्याला जीपमधून थेट गोदामात घेऊन आले. मागं बद्रीनाथ. त्याच्या मागं सुग्रीव, पाकिटातून काढलेल्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत, घड्या तशाच. कमरेला रेशमी काळा पट्टा, पायजम्याच्या नाडीसारखी गाठ मारलेला. आम्ही एकतीस पोरं रांगेत उभी होतो. ताईला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

“चलो, दिखाओ,” सुभेदार म्हणाले. “दस ठोसे. मोजून.”

सुग्रीवनं मोबाईलवर बघून घोकलं होतं. आवाज चांगला लावला. “इची. नी. सान. शी.”

पुढच्या रांगेत सहा वर्षांची कडूबाई आहे. तिनं नाक धरलं. मग तिच्या शेजारच्यानं. मग गोदाम फुटलं. मी हसले नाही म्हटलं तर खोटं होईल. सगळ्यात आधी मीच फुटले होते. सुग्रीवचा हात पाचव्यावर हवेतच राहिला.

“क्या हुआ?” सुभेदारांनी विचारलं.

“ह्यानं शी म्हणलं,” कडूबाई म्हणाली.

“तो? मग काय म्हणायचं?”

“आमच्यात राम म्हणतेत.” आणि तिनं करून दाखवलं. तीन ठोसे, चौथ्याला हात अर्ध्यात, मान खाली, “राम”, मग पाचवा. सुभेदारांनी आम्हा सगळ्यांना करायला लावलं. एकतीस माना एकदम लवल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

“इथं लिहिलंय, या वर्गात सहा वर्षं शिक्षण.” कागद त्यांनी ताईपुढं केला. “मॅडम, ही सही तुमच्या वडिलांची?”

“म्हंजे बघा साहेब,” आप्पा मधे आले, “त्यांचं आमचं घरचंच हाय.”

बद्रीनाथ गप्प.

ताईनं कागद हातात घेतला. ‘हो’ म्हटलं असतं तर गोदाम राहिलं असतं, हौद राहिला असता. तिचा अंगठा त्या ‘धु’वर होता.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “तारीख बघा. ह्या तारखेला बापाचा उजवा हात गेलता. वर्सभर अंथरुणात होता. पाणी बी मी पाजीत होते.”

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मला कळलं की त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं. वीस वर्षं उंबऱ्यात उभा राहणारा माणूस अख्खं एक वर्ष दिसला नाही, आणि यांनी एकदाही विचारलं नाही की धुळाजी कुठाय. खोटा कागद करायलासुद्धा माणसाची थोडी माहिती लागते. तेवढीही यांनी ठेवली नव्हती.

“पोरगं चार दिवस आलतं,” ताई पुढं म्हणाली. “वाईट न्हाई ते. सही त्यानं केली न्हाई. त्याला काय इचारू नका.”

सुग्रीव खाली बघत होता. कानशिलं लाल. आप्पांनी पायातली चप्पल काढली.

“एक आकडा पाठ होईना तुला, रेड्या,” म्हणत त्यांनी हात उगारला.

चप्पल सुग्रीवला लागलीच नाही. ताईचा हात मधे आला होता, कोपरात वाकलेला, कपाळाच्या वर. आम्ही हे रोज शंभर वेळा करतो, पण असं कधी झालं नव्हतं. चप्पल उडून रिकाम्या पोत्यांवर पडली. आप्पांचं मनगट तिच्या मनगटावर अडकलं होतं. आणि तिची दुसरी मूठ कमरेशी तयार होती. आमच्यातलं प्रत्येक पोर जाणत होतं, यानंतर काय असतं. सरळ छातीत.

तिनं मूठ उघडली.

“आप्पा, पोरगं हाय तुमचं. आन हितं कुणी कुणाला मारीत न्हाई. आमी शिकतो ते वेगळं.”

मला अजून राग येतो. किती वेळा मनात मी ती मूठ पुढं नेली आहे. बाहेर पडताना सुभेदार ताईला सलाम करून गेले, त्यानं माझं पोट भरलं नाही. सलामावर मेंढरं जगत नाहीत.

*

दुपारपर्यंत गोदामाला नवं कुलूप लागलं. हौदावरून मेंढरांना काठ्या मारून हाकललं. चुलता सटवा कळप घेऊन माजलगावच्या धरणाकडं निघाला, तळाशी डबकं तरी असेल म्हणून. वाटेत अकरा मेंढरं बसली ती उठली नाहीत. ती बातमी आली त्या दिवशी साखराबाईनं पहिल्यांदाच हळू आवाजात बोललेलं मी ऐकलं. “त्याचं नाव ठिवलंस पोरी. त्याची मेंढरं मारलीस.” ताईनं मान हलवली. नाकारलं नाही.

वर्ग कोरड्या तळ्यात सुरू झाला. भेगा इतक्या रुंद की धाकट्यांचे पाय अडकायचे. पण अडचण भेगांची नव्हती. चार दिवसांतून एकदा टँकर येतो आणि त्याचा पाईप बद्रीनाथच्या हातात असतो. कुणाच्या घरची पोरं तळ्यात जातात हे त्याच्या चांगलं ध्यानात. त्या घरांच्या घागरी शेवटी. शेवटी म्हणजे टँकरच्या तळाचा गाळ. कुणी विचारलं, की “आप्पा म्हणले,” एवढंच. आता स्वतःचं वाक्य नसलं तरी पाईप होता.

असे दोन टँकर झाल्यावर एकोणीस पोरांना ताप आला. सगळ्यांना एकाच सकाळी, एकसारखा, सहा ते आठच्या दरम्यान.

संध्याकाळी ताई एकेका घरी गेली. आमच्याकडं आली तेव्हा आई दारातच होती.

“हिला ताप हाय,” आईनं लगेच सांगितलं.

मी धडधाकट, कमरेवर घागर घेऊन आईच्या मागंच उभी. आईची नजर तुळशीच्या वाळलेल्या काड्यांवर. ताई पुढं आली आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला.

“हाय की वहिनी. लई हाय,” ती म्हणाली. “टँकरचं सुरळीत होईस्तोवर घरीच ठिवा. मी काय पट्टा काढून घेत न्हाई तिचा. आन हिला बोलू नका, हिचा काय गुन्हा.”

एकोणीस घरी तिनं हेच सांगितलं, म्हणजे कुणाला खोटं बोलावं लागलं याची लाज वाटू नये. मला तिचाही राग आला. तिनं भांडायला पाहिजे होतं. माझ्या आईला विचारायला पाहिजे होतं की वहिनी, तुमची पोरगी मागच्या साली त्या चौसाळ्याच्या रस्त्यावरच्या पोरांच्या हातून सुटून आली ती कशाच्या जोरावर? ती काहीच न विचारता पुढच्या घराकडं वळली. तिथूनही ऐकू आलं, “हाय की. लई हाय.”

आई उंबऱ्यातच बसली. “काय बघतीस माझ्याकडं?” माझ्यावर खेकसली. मी बघत नव्हते.

सकाळी साडेपाचला मी पांढरे कपडे घातले. आई चुलीशी होती.

“ताप उतरला,” मी म्हणाले.

तिनं कपड्यांकडं बघितलं, युरियाच्या वासाकडं तोंड वाकडं केलं. त्या दिवशी टँकर यायचा होता. तिनं भिंतीशी ठेवलेल्या दोन्ही घागरी उचलल्या, माझ्या आधी बाहेर पडली, आणि रांगेत पुढं जागा भरपूर असताना सरळ जाऊन सगळ्यात शेवटी उभी राहिली.